घरच्या संगणकाचें विरजण

गृहस्थाश्रम हा मुळांतच दूरदृष्टीचा आश्रम आहे. मृगापूर्वीं घराचीं कौलें शाकारून घ्यावीं, उन्हाळ्यांत वर्षाचें लोणचें घालून ठेवावें, प्रवासास निघतांना औषधाची पुडी जवळ असूं द्यावी आणि दाराच्या कुलपाची दुसरी किल्ली विश्वासाच्या माणसापाशीं ठेवावी, या गोष्टी आपल्या घरांतील वडील माणसें कोणी न सांगतां करीत आलीं आहेत. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपणांस नव्यानें शिकवावें लागत नाहीं. असें असूनहि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जें एक नवें यंत्र आपल्या घरांत येऊन बसलें आहे, त्याच्या बाबतींत मात्र हा वडिलोपार्जित शहाणपणा आपण उंबऱ्याबाहेर ठेविला आहे. हें यंत्र म्हणजे संगणक.

त्याच्या पोटांत आज काय नाहीं? मुलांचा अभ्यास आहे, सुनेचें कचेरीचें काम आहे, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे कागद आहेत, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें आहेत, घराच्या दस्तांच्या प्रती आहेत, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें आहेत. कित्येक घरांत कुलवृत्तांताचीं टिपणें आहेत, आणि दिवंगत आजीनें म्हटलेल्या भूपाळ्यांचें ध्वनिमुद्रणहि आहे. एके दिवशीं सकाळीं कळ दाबावी, पडद्यावर क्षणभर कंपनीचें नांव उमटावें आणि पुढें कांहींच घडूं नये, असा प्रसंग आला म्हणजे सारें घर गोंधळून जातें. मग यंत्र बगलेंत मारून दुकान गांठावयाचें आणि दुकानदार सांगेल तें ऐकावयाचें.

अशा वेळीं जो हाताशीं असल्यास निम्मी धांवाधांव वांचते, असा एक लहानसा पेन ड्राइव्ह घरींच कसा तयार करावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विंडोज या कार्यप्रणालींत त्यास 'रिकव्हरी ड्राइव्ह' असें नांव आहे. पडद्यावर तोच शब्द दिसत असल्यामुळें आम्हीहि तोच वापरूं. काम कठीण नाहीं. मात्र तें समजून केलें पाहिजे. नाहींतर ज्या साधनानें तरावयाचें त्यानेंच बुडावयाची पाळी येते.

प्रथम संगणक सुरू होतो म्हणजे काय होतें तें पाहूं. संगणक जें कांहीं करितो तें आज्ञावलीच्या आधारानें करितो. डिस्कवर ठेविलेली आज्ञावली उचलून स्मृतींत आणणें हें कामहि एखाद्या आज्ञावलीनेंच करावयाचें. मग ती पहिली आज्ञावली कोणीं आणावी? आपल्या शास्त्रकारांच्या वादांत एक दृष्टांत येतो: नट कितीहि निष्णात असला तरी त्यास स्वतःच्याच खांद्यावर चढतां येत नाहीं. इंग्रज लोकांतहि आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःस वर उचलण्याची गमतीची कल्पना रूढ होती, आणि संगणक 'बूट होतो' हा शब्दप्रयोग तींतूनच निघाला.

यंत्रशास्त्रज्ञांनीं या अडचणीवर तोड काढली ती अशी. संगणकाच्या मदरबोर्डवर एक चिप बसविलेली असते. वीज गेली तरी तींतील मजकूर पुसला जात नाहीं. कळ दाबतांच प्रोसेसर प्रथम या चिपेंतील आज्ञा वाचूं लागतो. जुन्या यंत्रांत या आज्ञावलीस बायोस म्हणत. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय या पद्धतीनें घेतली आहे. ती स्मृति, कीबोर्ड, डिस्क इत्यादि अवयव जागेवर आहेत कीं नाहींत हें तपासते, आणि मग ठरलेल्या क्रमानें एकेका साधनाकडे वळून, कार्यप्रणालीस उठविणारी आज्ञावली तेथें आहे काय, याचा शोध घेते. जेथें ती सांपडेल तेथून पुढील काम चालूं होतें.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे रोग आणि उपाय दोन्ही समजतात. अंतर्गत डिस्कवरील विंडोजच्या फाइली बिघडल्या म्हणजे चिप आपलें काम चोख करिते, परंतु पुढें तिच्या हातांत हात देणारें कोणी नसतें. यंत्र मेलेलें नसतें. त्यास उठविणारा नाहींसा झालेला असतो. घरांतील गृहिणींस ही गोष्ट आमच्यापेक्षां लवकर कळेल. दूध आहे, भांडें आहे, चुलीजवळची ऊब आहे. परंतु घरचें दहीं बिघडलें तर उद्यांचें दहीं लागावयाचें कसें? शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावें लागतें. रिकव्हरी ड्राइव्ह हें संगणकाचें विरजण होय. आणि विरजण चांगल्या दह्याचेंच लागतें. म्हणून हा ड्राइव्ह यंत्र धडधाकट असतांनाच करून ठेवावयाचा असतो.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. १९८१ सालच्या ऑगस्टांत आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हां त्यांत अंतर्गत डिस्क नव्हतीच. प्रत्येक वेळीं फ्लॉपी घालूनच कार्यप्रणाली उठवावी लागे. १९८३ सालीं निघालेल्या त्यांच्या एक्सटी या यंत्रांत १० मेगाबाइटांची डिस्क आली आणि फ्लॉपीचें नित्याचें काम कमी झालें. तरी संकटकाळचें काम तिच्याकडेच राहिलें. १९९५ सालच्या ऑगस्टांत विंडोज ९५ बाजारांत आलें, त्यांतहि एक 'स्टार्टअप डिस्क' करून ठेवण्याची सोय होती, आणि ती १.४४ मेगाबाइटांच्या फ्लॉपींत मावे. पुढें २००० सालीं पेन ड्राइव्ह विक्रीस आले, तेव्हां आरंभींच्या ड्राइव्हांची क्षमता ८ मेगाबाइट होती. आज ३२ गिगाबाइटांचा, म्हणजे त्याच्या सुमारें चार हजार पट मोठा पेन ड्राइव्ह कोणत्याहि शहरांत सहज मिळतो. साधन वाढलें, परंतु तत्त्व तेंच आहे: आंतला उठविणारा नाहींसा झाला तर बाहेरचा बोलवावा.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्याप्रमाणें पेन ड्राइव्ह निदान १६ गिगाबाइटांचा असावा. आमच्या मतें ३२ चा घेतल्यास जागेची काळजी उरत नाहीं. तो नवा किंवा पूर्ण रिकामा असावा, कारण त्यावर पूर्वीं जें असेल तें या कामांत पुसलें जातें. नातवाच्या प्रकल्पाचा किंवा लग्नाच्या छायाचित्रांचा ड्राइव्ह 'तात्पुरता' म्हणून घेऊं नये. इतर पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्का त्या वेळेपुरत्या काढून ठेवाव्या, म्हणजे निवड करतांना घोटाळा होणार नाहीं.

पेन ड्राइव्ह लावून पडद्याच्या तळाशीं असलेल्या शोधाच्या चौकटींत 'रिकव्हरी ड्राइव्ह' हे शब्द इंग्रजींत लिहावे. त्याच नांवाचें साधन वर येतें. तें उघडून यंत्र अनुमति मागेल ती द्यावी. पुढच्या पानावर, यंत्रणेच्या फाइलीहि या ड्राइव्हवर घ्यावयाच्या काय, अशा अर्थाची एक चौकट दिसते. तींत खूण असूं द्यावी. खूण नसेल तर ड्राइव्ह दुरुस्तीच्या साधनांपुरताच उपयोगी पडतो. खूण असेल तर त्यावरून विंडोज नव्यानें बसवितांहि येतें. मग आपला पेन ड्राइव्ह निवडून पुढें जावें. या कामास एखादा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागूं शकतो. तोंवर लॅपटॉप विजेस जोडलेला असावा आणि त्यास स्वस्थ बसूं द्यावें. काम संपल्यावर ड्राइव्हास चिठ्ठी चिकटवून तीवर कोणत्या यंत्राचा आणि कोणत्या तारखेचा, हें लिहून ठेवावें. घरांत दोन यंत्रें असल्यास दोहोंचे ड्राइव्ह वेगळे करावे.

येथेंच पुष्कळ लोक थांबतात. न पाहिलेली दुसरी किल्ली कुलपास लागेलच असें कोणीं सांगितलें? म्हणून ड्राइव्हाची परीक्षा त्याच दिवशीं घ्यावी. पेन ड्राइव्ह लावलेला ठेवून शिफ्ट ही कळ दाबून धरावी आणि संगणक बंद करण्याच्या यादींतील 'रीस्टार्ट' निवडावें. निळ्या रंगाचा पडदा येतो. त्यांत बाहेरचें साधन वापरण्याचा पर्याय असतो. यंत्र मुळींच उठत नसेल तेव्हां मात्र कळ दाबतांच कीबोर्डवरील विशिष्ट कळ वारंवार दाबावी लागते. डेल आणि लेनोव्हो यांच्या बहुतेक यंत्रांवर ती एफ१२ असते, एचपीच्या यंत्रांवर एफ९, असूसच्या लॅपटॉपांवर एस्केप. आपल्या यंत्राची कळ कोणती तें आजच शोधून त्याच चिठ्ठीवर लिहावें. पेन ड्राइव्हावरून यंत्र उठलें म्हणजे प्रथम कीबोर्डची भाषा विचारली जाते, आणि मग दुरुस्तीचे पर्याय समोर येतात. ते दिसले कीं परीक्षा उत्तीर्ण झाली. कांहींएक न करितां यंत्र बंद करून ड्राइव्ह काढून घ्यावा.

त्या पर्यायांचा अर्थ मात्र घरांतील निदान दोन माणसांस ठाऊक असावा. 'स्टार्टअप रिपेअर' हा सर्वांत सौम्य उपाय. तो आपल्या फाइलींस हात न लावतां सुरू होण्यांतील दोष शोधतो. 'सिस्टम रिस्टोअर' हा यंत्रणेस पूर्वीच्या एखाद्या नोंदलेल्या स्थितीकडे नेतो. नुकतीच बसविलेली सुधारणा काढून टाकण्याचाहि एक पर्याय असतो. 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' हा मात्र शेवटचा उपाय होय, कारण त्यानें विंडोज कोरें होऊन बसतें आणि आपल्या फाइली व आपण घातलेल्या आज्ञावल्या नाहींशा होतात. वैद्य जसा काढ्यापासून आरंभ करितो, शस्त्रापासून करीत नाहीं, तोच क्रम येथें पाळावा. ज्याचा अर्थ समजला नाहीं त्या पर्यायावर बोट ठेवूं नये.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. रिकव्हरी ड्राइव्ह यंत्रास उठवितो. तो आपल्या कागदांची नक्कल ठेवीत नाहीं. त्यावर आजीच्या भूपाळ्या नाहींत. महत्त्वाच्या फाइलींच्या एकंदर तीन प्रती असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा नियम आहे. संगणकावर एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि परगांवच्या लेकीकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यांत तिसरी, एवढें केलें तरी नियम पाळल्यासारखा होतो.

आतां सर्वांत नाजूक विषयाकडे वळतों. अलीकडच्या पुष्कळ संगणकांत डिस्कवरील सारा मजकूर गूढलिपींत ठेविला जातो. यास बिटलॉकर किंवा घरगुती विंडोजमध्यें 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. मायक्रोसॉफ्टचें खातें घालून नवें यंत्र सुरू केलें असतां ही योजना मालकाच्या नकळत चालूं झालेली असूं शकते. चोरीच्या दृष्टीनें ती फार हिताची आहे. परंतु पेन ड्राइव्हावरून यंत्र उठवून दुरुस्ती करूं जातां तें एक किल्ली मागतें, आणि ती किल्ली ४८ अंकांची असते: सहा-सहा अंकांचे आठ गट. यूईएफआयमधील कांहीं मांडणी बदलली तरीहि ती मागितली जाऊं शकते. बहुधा ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जपलेली असते. तेथें जाऊन आज ती पाहावी, कागदावर उतरून घ्यावी, आणि दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी. तो कागद संगणकाच्या पिशवींत मात्र ठेवूं नये. कुलूप आणि किल्ली एकाच खिशांत ठेवणें म्हणजे कुलूप नसल्यासारखेंच.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली हकीकत या ठिकाणीं सांगावीशी वाटते. तीन भावांचें एकत्र घर. सर्वांत वडील बंधु संगणकाचे जाणकार. खातीं त्यांच्या नांवावर, पासवर्ड त्यांच्या डोक्यांत, आणि कुलवृत्तांताचें काम त्यांच्याच हातीं. गांवोगांव हिंडून, वृद्धांस भेटून, त्यांनीं आठ पिढ्यांची माहिती जमविली होती. अल्पशा आजारानें ते गेले. पुढें दोनएक महिन्यांनीं यंत्र सुरू होईना. धाकट्या भावाच्या मुलानें योग्य तेंच केलें. शेजाऱ्यांच्या संगणकावर पेन ड्राइव्ह तयार करून आणला, यंत्र उठलें, आणि पडद्यावर ४८ अंकांची मागणी आली. ज्या खात्यांत ती किल्ली असावयाची त्याचा पासवर्ड कोणासच ठाऊक नव्हता. डिस्कला धक्का लागलेला नव्हता, एक अक्षर पुसलें गेलें नव्हतें; तरी त्या आठ पिढ्या त्या घरास आजतागायत परत मिळालेल्या नाहींत. वहिनींनीं तो संगणक अजून टाकलेला नाहीं. फडक्यांत गुंडाळून कपाटांत ठेविला आहे.

यांत दोष कोणाचा म्हणावा? त्या सद्गृहस्थांनीं कांहीं लपविलें नव्हतें; त्यांस कोणीं विचारलेंच नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत तिजोरीच्या किल्ल्या कोठें असतात हें घरच्या कर्त्या बाईस ठाऊक असे, आणि दस्त कोणत्या पेटींत आहेत हें मुलांस वेळींच सांगितलें जाई. संगणकाच्या बाबतींत मात्र घरांतील एकच माणूस जाणता असतो, तो बहुधा तरुण असतो, आणि पुष्कळदां तो पुण्या-मुंबईसहि नसून सातासमुद्रांपलीकडे असतो. त्याच्या सवडीची वाट पाहत सारें घर थांबतें. हें ज्ञान एकाच माणसापाशीं राहणें हा संगणकाचा दोष नव्हे, घरच्या व्यवस्थेचा आहे.

यावर तरुण मंडळी म्हणतील कीं, पासवर्ड सर्वांस सांगावयाचा म्हणजे आमचे खाजगी कागदहि सर्वांनीं वाचावे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि वडील माणसांनीं त्याचा मान ठेविला पाहिजे. परंतु लखोट्याची युक्ति आपणांस नवी नाहीं. किल्लीचे अंक आणि खात्याचें नांव कागदावर लिहून लखोटा बंद करावा, त्यावर सही व तारीख घालावी आणि तो मृत्युपत्राजवळ ठेवावा. तो कोणी व कोणत्या प्रसंगीं फोडावयाचा हें घरांत आधींच ठरवावें. विश्वास आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एका लखोट्यांत सुखानें नांदूं शकतात.

ही केवळ घरगुती अडचण आहे असेंहि समजूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें आपल्या ग्राहकांकडे धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळें जगभरचे विंडोज-संगणक निळा पडदा दाखवूं लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें त्यांची संख्या ८५ लाख होती. विमानें अडलीं, इस्पितळांचीं कामें खोळंबलीं, आणि आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. उपाय साधा होता: यंत्र दुसऱ्या मार्गानें उठवावयाचें आणि ती एक फाइल काढून टाकावयाची. त्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें पेन ड्राइव्हावरून चालणारें साधन लगोलग प्रसिद्ध केलें. तरी जेथें डिस्क गूढलिपींत होती तेथें एकेका यंत्राची किल्ली शोधीत बसावें लागलें. मोठमोठ्या कचेऱ्यांस जो धडा तेव्हां घ्यावा लागला, तो आपणांस घरबसल्या, विनामूल्य मिळत आहे.

ज्यांचें यंत्र आधींच बंद पडलें असेल त्यांनींहि निराश होऊं नये. नातलगाच्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घेऊन निदान ८ गिगाबाइटांच्या रिकाम्या पेन ड्राइव्हावर विंडोजची प्रत करितां येते. त्यावरून यंत्र उठल्यावर नवें विंडोज बसविण्याची घाई न करितां दुरुस्तीचा पर्याय निवडावा. दुसरा मार्ग उबुंटु या मुक्त कार्यप्रणालीचा. ती पेन ड्राइव्हावरूनच चालते, यंत्रांत कांहीं न बसवितां वापरून पाहतां येते, आणि तिच्या साहाय्यानें आजारी यंत्रांतील फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरून घेतां येतात. गूढलिपीची किल्ली मात्र येथेंहि लागतेच. डिस्क खटखट आवाज करीत असेल तर मग घरगुती प्रयोग थांबवून जाणकाराकडे जावें. दुकानांत यंत्र देतांना 'डिस्क कोरी करण्यापूर्वीं आम्हांस विचारा' हें वाक्य पावतीवर लिहून घ्यावें. एवढ्या एका ओळीनें पुष्कळ घरांचे अश्रु वांचतील.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, त्यामुळें अनेकांनीं विंडोज ११ घेतलें असेल. त्यांनीं ड्राइव्ह नव्यानें करावा, कारण जुना ड्राइव्ह जुनीच प्रणाली परत आणील. एरव्हींहि तो वर्षांतून एकदां ताजा करावा असें मायक्रोसॉफ्टचें सांगणें आहे. विरजण फार दिवस ठेवून चालत नाहीं.

यासाठीं मुहूर्तहि आपल्या पंचांगांत तयार आहे. खंडेनवमीस आपण घरांतील हत्यारांची पूजा करितों. संगणकासहि अलीकडे हळदकुंकू आणि झेंडूचें फूल मिळूं लागलें आहे. त्याच दिवशीं मुलांनीं पेन ड्राइव्ह ताजा करावा, सुनांनीं व लेकींनीं यंत्र त्यावरून उठवून पाहावें, आणि वडिलांनीं लखोट्यावरील तारीख बदलावी. घरांतील ज्या माणसास यंत्रांतलें कांहींच कळत नाहीं, त्याच्याकडून त्या दिवशीं हें काम एकदां हातानें करून घ्यावें. पुढच्या वर्षीं तोच माणूस दुसऱ्यास शिकवूं लागेल.